नोकरी सांभाळून कादंबरी, तीही पदरच्या पैशांनी

शाळेच्या फाटकापाशी, लोकलच्या डब्यात आणि या सदराला येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. विचारणारे कधी नालासोपाऱ्याच्या दवाखान्यातील परिचारिका असतात, कधी वसई पूर्वेच्या कारखान्यातील सुपरवायझर, तर कधी आमच्यासारखेच शिक्षक. प्रश्न असा: "कादंबरी लिहून ठेवली आहे. प्रकाशकांकडून उत्तर येत नाही. स्वतःचे पैसे घालून छापावी का? आणि नोकरीचे काय करावे?"

आमचे उत्तर थोडक्यात असे. छापावी. पण नोकरी सोडून नव्हे, कर्ज काढून नव्हे, आणि घरच्यांना अंधारात ठेवून तर मुळीच नव्हे. हे उत्तर थोडे उलगडून सांगितले पाहिजे. कारण यात घरातला पैसा आहे, घरातला वेळ आहे, आणि एखाद्याचे आयुष्यभराचे स्वप्नही आहे.

चहा विकून कादंबऱ्या छापणारा माणूस

दिल्लीत आयटीओजवळ विष्णू दिगंबर मार्गावर हिंदी भवन आहे. त्याच्या बाहेरच्या फुटपाथवर लक्ष्मण राव नावाच्या गृहस्थांनी अनेक वर्षे चहा विकला. चहाच्या भांड्यांशेजारी पुस्तके मांडलेली असत आणि त्यांच्यावर लेखक म्हणून याच चहावाल्याचे नाव असे. राव मूळचे आपल्या महाराष्ट्रातले, अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. मातृभाषा मराठी. 1975 मध्ये ते दिल्लीला पोहोचले. गिरणीकाम, बांधकामावरची मजुरी, भांडी घासणे अशी मिळतील ती कामे केली आणि शेवटी चहाच्या धंद्यात स्थिरावले. लिहिले मात्र हिंदीत. पहिले पुस्तक 'नई दुनिया की नई कहानी' 1979 मध्ये आले. पुढे 'रामदास', 'नर्मदा', 'रेणू' अशी पुस्तके येत गेली आणि त्यांची संख्या वीसच्या वर गेली.

प्रकाशकांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. फुटपाथवर चहा विकणारा माणूस कादंबरी लिहितो, यावर विश्वास कोण ठेवणार? तेव्हा रावांनी 'भारतीय साहित्य कला प्रकाशन' या नावाने स्वतःचेच प्रकाशन सुरू केले. पुस्तके सायकलवर घालून ते शाळांमध्ये आणि ग्रंथालयांमध्ये जात. एका पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा पुढच्या पुस्तकाच्या छपाईत जाई. याच काळात त्यांनी पत्रव्यवहाराने बी.ए. केले आणि पुढे इग्नूतून हिंदीत एम.ए.ही केले.

रावांची ही कहाणी बहुतेक ठिकाणी 'जिद्द असेल तर सर्व शक्य आहे' या वाक्यावर संपवली जाते. आमच्या मते तिच्यातून शिकण्यासारखे दुसरेच आहे. रावांनी चहा विकणे थांबवले नाही. घर चहावर चालले आणि पुस्तकांचा जम पुस्तकांच्या पैशांवर बसत गेला. कादंबरीवर घरभाड्याचे ओझे पडले नाही, म्हणून एखादे पुस्तक कमी खपले तरी पुढचे लिहिता आले.

नोकरी ही अडचण की आधार?

मराठी कादंबरीचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. श्री. ना. पेंडसे यांचे नाव आपल्या घरांत 'गारंबीचा बापू' या कादंबरीमुळे ठाऊक असते. हे पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला होते. 1949 चे 'एल्गार', 1950 चे 'हद्दपार', 1952 चा 'गारंबीचा बापू' ही सगळी पुस्तके नोकरी करता करता लिहिलेली आहेत. त्यातही 'हद्दपार' ही एका शाळामास्तरची गोष्ट आहे, म्हणून आम्हा शिक्षकांना ती जरा अधिक जवळची वाटते. आज महाराष्ट्र शासन पहिल्या कादंबरीला जो वाङ्मय पुरस्कार देते, तो पेंडशांच्याच नावाने आहे.

आपल्या वसई तालुक्यातील अर्नाळा हे गाव ज्यांच्या टोपणनावात आहे, ते बाबूराव अर्नाळकर तर सर्वांना माहीत आहेत. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. गिरगावात त्यांचे चष्म्याचे दुकान होते. झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या रहस्यकथा त्यांनी हजाराच्या वर लिहिल्या. उर्दू वाचणाऱ्या घरांत जे स्थान इब्ने सफींचे, तेच मराठी घरांत अर्नाळकरांचे. इब्ने सफीही सुरुवातीला अलाहाबादला शाळेत शिकवत होते आणि पुढे कराचीत त्यांनी 'असरार पब्लिकेशन्स' हे स्वतःचे प्रकाशन काढले.

ही सगळी माणसे वेगळ्या काळातील आणि वेगळ्या परिस्थितीतील आहेत. पण एक गोष्ट त्यांच्यात समान आहे. लिहायला सुरुवात करण्यासाठी त्यांनी मोकळ्या आयुष्याची वाट पाहिली नाही. शिवाय ज्या जगात रोज वावर होता, तिथली माणसे आणि तिथली बोली त्यांना आयती मिळत गेली. रुग्णालयातील रात्रपाळी, कारखान्यातील शिफ्ट, शाळेतील पालकसभा हा मालमसाला घरी बसून मिळत नाही.

वेळ आणायचा कुठून?

विरार ते चर्चगेट हे अंतर 60 किलोमीटर आहे. रोज जाऊन-येऊन तीन तास गाडीत आणि त्यापुढे रिक्षाची रांग. शिक्षकांचे म्हणाल तर वर्ग संपला की उत्तरपत्रिका, ऑनलाइन माहिती भरणे, मतदार याद्यांचे काम. अशा माणसाला 'रोज दोन तास लिहा' असे सांगणे ही थट्टा ठरेल. म्हणून आम्ही आकडा लहान धरतो.

रोज 200 शब्द. वहीचे साधारण एक पान. आठवड्याचे पाच दिवस लिहिले तर 1,000 शब्द होतात. वर्षातील चार आठवडे रमजान, परीक्षा, लग्नकार्य आणि आजारपण यांसाठी सोडून दिले तरी 48 आठवडे उरतात. म्हणजे 48,000 शब्द. डेमी आकाराच्या एका पानावर सुमारे 300 शब्द बसतात असे धरले, तर हे पुस्तक 160 पानांचे झाले. मध्यम आकाराची एक कादंबरी एका वर्षात, रोजच्या एका पानातून.

हे पान केव्हा लिहायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. फज्रची नमाज झाल्यावर घर जागे होण्याआधीचा अर्धा तास अनेकांना मानवतो. काही जण गाडीत उभ्या-उभ्या मोबाइलमध्ये बोलून मजकूर उतरवतात आणि रविवारी दुरुस्त करतात. वेळ कोणतीही असो, ती ठरलेली असावी आणि घरातील सर्वांना माहीत असावी. ठरलेली नसेल तर त्या अर्ध्या तासात गॅसचा सिलिंडर येतो, मेहुण्याचा फोन येतो, आणि पान कोरेच राहते.

तो अर्धा तास कोणाच्या वाट्याला येतो?

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते. घरातील पुरुष लिहायला बसला की मुलांना 'अब्बा लिहीत आहेत, आवाज करू नका' असे सांगितले जाते. घरातील बाई लिहायला बसली की 'रिकामीच आहेस तर जरा भाजी निवडून घे' असे म्हटले जाते. ती दिवसभर नोकरी करून आलेली असली तरी.

उर्दू कादंबरीच्या आरंभीच ही कहाणी लिहिलेली आहे. डेप्युटी नजीर अहमद सरकारी नोकरीत होते. मुलींना वाचायला घरात योग्य पुस्तक नाही म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. 1869 चे 'मिरातुल उरूस' हे ते पुस्तक. सरकारने त्याला एक हजार रुपयांचे इनाम दिले. ही गोष्ट आपण शाळेत अभिमानाने शिकवतो.

तिचा पुढचा भाग मात्र कमी लोकांना माहीत आहे. नजीर अहमद यांची पुस्तके वाचून पाटण्याच्या रशीदुन्निसा नावाच्या बाईंनी 1881 मध्ये 'इस्लाहुन्निसा' ही कादंबरी लिहिली. उर्दूत कादंबरी लिहिणारी पहिली स्त्री म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. ती कादंबरी छापून आली 1894 मध्ये. तेरा वर्षे हस्तलिखित घरातच होते. मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन परत आला आणि त्याच्या पुढाकाराने पुस्तक छापले गेले. त्यावर लेखिकेचे नाव नव्हते, मुलाची आई अशी ओळख होती.

तेरा वर्षांत काय काय होऊ शकते याचा विचार करावा. वाळवी लागू शकते, घर बदलू शकते, लिहिणारी व्यक्तीच या दुनियेतून जाऊ शकते. रशीदुन्निसांचे पुस्तक वाचले, कारण घरात एक माणूस असा निघाला ज्याने आईच्या वह्यांची किंमत ओळखली. आपल्या कपाटात, पत्र्याच्या पेटीत, धान्याच्या कोठीमागे अशा वह्या नाहीत असे कोण सांगू शकेल? ज्या मुलांना मोबाइलवर टाइप करता येते, त्यांनी सुटीत अम्मीची, खालाची किंवा नानीची वही मागून घ्यावी आणि तिची पाने टाइप करून ठेवावीत. पुस्तक होईल न होईल, वही तरी वाचेल.

पैशांचा हिशेब

आता छपाई. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी फोनवर आलेल्या आमिषाला भुलून पुस्तकाचे 'पॅकेज' घेतले. अर्धी रक्कम मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून गेली. काही महिन्यांनी 500 प्रती घरी आल्या. शुद्धलेखनाच्या चुका पहिल्याच पानापासून होत्या. दोन वर्षे झाली, बहुतेक खोके दिवाणाखालीच आहेत. अशी वेळ कोणावर येऊ नये म्हणून पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, पुस्तकाचा खर्च फॉर्माप्रमाणे मोजतात. 16 पानांचा एक फॉर्मा. आपली 160 पानांची कादंबरी म्हणजे 10 फॉर्मे. त्याशिवाय डीटीपी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, बांधणी यांचे दर वेगवेगळे मागून घ्यावेत. एकरकमी आकडा सांगणाऱ्याकडून कागद किती जीएसएमचा आणि प्रती किती, हे लेखी घ्यावे.

दुसरी गोष्ट, प्रती कमी काढाव्यात. ऑफसेट छपाईत प्लेटचा खर्च एकदाच होतो, म्हणून प्रती वाढल्या की एका प्रतीचा दर उतरतो. छापखाना याच कारणाने '500 घ्या, स्वस्त पडेल' असे म्हणतो. न विकलेली स्वस्त प्रत शेवटी महागच पडते. आता डिजिटल छपाईत 50 किंवा 100 प्रतीही काढता येतात. दर प्रत थोडी महाग पडते, पण घरातील पैसा अडकत नाही. त्या संपल्या की पुन्हा छापाव्यात.

तिसरी गोष्ट, किंमत ठरवताना विक्रेत्याचे कमिशन आधी धरावे. समजा पुस्तकाची किंमत 200 रुपये ठेवली आणि कमिशन 40 टक्के आहे. हातात आले 120. छपाई प्रतीमागे 90 रुपये धरली तर उरले 30. या 30 रुपयांतून अजून डीटीपी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठाचा खर्च भागायचा आहे. हे गणित पाहून निराश होण्याचे कारण नाही. नोकरी सोडू नका असे आम्ही का म्हणतो, ते मात्र यातून कळावे.

चौथी गोष्ट, आयएसबीएन क्रमांकासाठी पैसे देऊ नयेत. हा क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. पुस्तक छापल्यावर 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने, म्हणजे इथे आपणच, एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि नेमून दिलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना 30 दिवसांच्या आत पाठवायची असते.

पाचवी गोष्ट, करारावर सही करण्याआधी तो कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावा. पुस्तकाचा कॉपीराइट ते लिहिले गेले तेव्हापासूनच लेखकाचा असतो. नोंदणी केली नाही तरी तो जात नाही. 'सर्व हक्क कायमचे देत आहे' असे वाक्य दिसले तर पेन खाली ठेवावे.

सहावी गोष्ट, पुस्तक पाठवण्याआधी एकदा सरकारी दारही ठोठावावे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. हस्तलिखित तपासले जाते, वेळ लागतो, नकारही येऊ शकतो. पण त्यासाठी दागिना गहाण ठेवावा लागत नाही.

आणि नोकरदारांसाठी एक सूचना. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत असाल तर पुस्तक काढण्याआधी कार्यालयाला लेखी कळवावे आणि लेखी उत्तर घ्यावे. पुस्तकाचे उत्पन्न थोडे असले तरी आयकर विवरणपत्रात दाखवावे.

सर्वांत महाग वस्तू: दुसऱ्याचे डोळे

स्वतः छापलेल्या पुस्तकाला लोक नाक का मुरडतात? प्रकाशकाचे नाव नाही म्हणून नव्हे, तर संपादन झालेले नसते म्हणून. प्रकाशक असला तर कोणीतरी 'हे प्रकरण लांबले, हे पात्र मध्येच गायब झाले' असे सांगतो. स्वतः छापताना हे सांगणारा माणूस आपणच शोधावा लागतो. मुखपृष्ठाच्या चकचकीत लॅमिनेशनपेक्षा हा खर्च आधी करावा. तिघांना हस्तलिखित वाचायला द्यावे: एक मराठीचा शिक्षक, एक घरातील माणूस आणि एक असा वाचक ज्याची आपल्याशी फारशी ओळख नाही. तिघांनी एकाच जागी बोट ठेवले तर तो भाग पुन्हा लिहावा. उर्दू माध्यमात शिकून मराठीत लिहिणाऱ्यांना ऱ्हस्व-दीर्घ आणि लिंगाच्या बाबतीत तपासणीची गरज पडते, त्यात कमीपणा नाही. आमच्या शाळेत हे आम्ही रोज पाहतो. तीच मुले घरातील बोली कागदावर इतकी जिवंत उतरवतात की वाचतच राहावे.

विक्रीसाठी रावांची सायकल आठवावी. नातेवाइकांना फुकट वाटलेली प्रत क्वचितच वाचली जाते. विकत घेतलेली बहुधा वाचली जाते. शाळा, मोहल्ल्यातील वाचनालय, कॉलेजचे ग्रंथालय, जिल्ह्यातील ग्रंथोत्सव इथे स्वतः जावे. ग्रंथालय संचालनालयाच्या यादीसाठी पुस्तक पाठवावे. आणि छापण्याची ऐपतच नसेल तर ठाण्याचे ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तके ई-बुक स्वरूपात वाचकांना मोफत देते, तो मार्गही आहे. वाचक मिळणे हे पहिले काम.

हे सगळे कशासाठी?

1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी ही आपलीही भाषा आहे, आपल्या घरांतील सुखदुःख तिच्यात यावे, हा त्यामागचा विचार होता. तेव्हापासून बरेच लिहिले गेले. तरी आजही मराठी कादंबरीत मुस्लिम पात्र आले की ते अनेकदा खाटीक, फळवाला, शायर किंवा दंगलीतील कोणीतरी असते. विरारच्या गाडीत डबा सांभाळत उभी असलेली बँकेतील अधिकारी, नालासोपाऱ्यात हप्त्यावर वन रूम किचन घेणारे जोडपे, मुलाला मराठी माध्यमात घालावे की इंग्रजी यावर रात्रभर चाललेला घरातला वाद, कोकणातील गाव सोडून आलेल्या आजीची बोली, हे कोण लिहिणार? ज्यांनी ते जगले आहे तेच. आणि ते सगळे सकाळी सात वाजता कामावर निघालेले असतात.

म्हणून तीन कामे सुचवतो. ज्यांना लिहायचे आहे त्यांनी या आठवड्यात घरातील सर्वांना बसवून आपला अर्धा तास ठरवून घ्यावा, आणि त्या बदल्यात घरातील कोणते काम आपण उचलणार तेही सांगावे. ज्यांचे लिहून झाले आहे त्यांनी छापखान्यात जाण्याआधी ते तीन वाचक शोधावेत. आणि ज्यांना लिहायचे नाही, त्यांनी ओळखीच्या लेखकाचे पुस्तक पुढच्या वेळी भेट म्हणून मागू नये, किंमत देऊन विकत घ्यावे. दोनशे रुपयांत त्या माणसाच्या पुढच्या पुस्तकाची काही पाने छापून निघतात.